इंजिनाचा श्वास आणि घास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून चैत्र-वैशाखाच्या संध्याकाळी चार शहाण्या गोष्टी ऐकायला गावाने एकत्र बसावे ही चाल महाराष्ट्रात गावोगाव रुजली. अशा व्यासपीठावर इतिहास शोभतो, संतवाङ्मय शोभते. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु या आमच्या वैरागात, बार्शी-सोलापूर रस्त्याच्या काठी, ज्या घरात फटफटी नाही असे घर आता शोधावे लागते. दुधाचे कॅन, शाळूचे पोते, बाळंतीण लेक आणि परीक्षेला निघालेला मुलगा, या सर्वांना तीच वाहते. जी वस्तू आपले पोट आणि आपली माणसे वाहून नेते, तिच्या पोटात काय चालते हे समजून घेणे अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे, चुकीने. १९८४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे २५० सी. सी.ची येझडी होती. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा या नावाने बनणारी ही गाडी १९७३ पासून येझडी या नावाने विकली जाऊ लागली होती. तिचा आवाज भारदस्त व्हावा म्हणून आम्ही दोन्ही सायलेन्सरांतल्या आतल्या नळ्या काढून टाकल्या, आणि 'इंजिनाला मोकळी हवा मिळू दे' म्हणून एअर फिल्टरही काढला. गाडी खरोखरच चपळ झाली. आमचा अभिमान दोन आठवडे टिकला. एका दुपारी सोलापूरहून परतताना वडाळा ओलांडले, रस्ता मोकळा होता, मूठ पूर्ण पिळलेली होती. आणि एकाएकी 'किर्र' असा आवाज होऊन मागचे चाक जागच्या जागी थांबले. गाडी आडवी गेली. आम्ही खरचटण्यावर सुटलो. मागे बसलेल्या धाकट्या भावाचे गळ्याजवळचे हाड मोडले.

गाडी टेम्पोत घालून गावातल्या मिस्त्रीकडे आणली. त्याने हेड खोलले, ओरखडे पडलेला पिस्टन आमच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, श्वास वाढवलासा, पण घास वाढवायचा राहिला की ओ."

आम्ही त्या वेळी शाळेत विज्ञान शिकवीत होतो. बाष्पीभवन, हवेचा दाब, धातूंचे प्रसरण हे सारे फळ्यावर लिहून दाखवीत होतो. आणि तेच सारे आमच्या मांडीखाली घडत असताना आम्हांला ते दिसले नाही. त्या मिस्त्रीच्या एका वाक्याचा अर्थ सांगणे एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम घास आणि श्वास यांचे प्रमाण पाहू. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. म्हणजे त्याला सुमारे ११ किलो हवा हवी. हवेला वजन असते हे आपण पुस्तकात वाचतो व विसरतो. ११ किलो हवेचे आकारमान सुमारे ९,००० लिटर होते. दोनशे लिटरची पिंपे घेतली तर ४५ पिंपे हवा, आणि तिच्यात एक लिटर पेट्रोल! गाडी मुख्यतः हवा खाते. पेट्रोल हे त्या जेवणातले मीठ समजावे. आणि मिठाचेच माप चुकल्यावर जेवणाचे काय होते, हे भगिनींना आम्ही सांगण्याची गरज नाही.

हे माप ठेवण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. त्याची युक्ती इतकी साधी आहे की, अत्तराच्या फवाऱ्यातही तीच वापरलेली दिसेल. रुंद नळीतून जाणारी हवा मध्येच अरुंद गळ्यातून गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. स्विस गणिती बर्नुली याने १७३८ साली या तत्त्वाची मांडणी केली, आणि इटलीतील व्हेन्चुरी याने १७९७ साली अरुंद गळ्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. म्हणून त्या गळ्याला आजही व्हेन्चुरी म्हणतात. गळ्यात दाब कमी, खाली फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब. या दोन दाबांच्या फरकामुळे पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढते आणि हवेत फवारले जाते. १८९३ मध्ये जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी या तत्त्वावर कार्ब्युरेटर सिद्ध केले. कार्ब्युरेटर हवा मोजत नाही की पेट्रोल मोजत नाही; तो केवळ दाबाच्या फरकाला उत्तर देतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण आमची चूक नेमकी येथेच आहे.

फिल्टर काढल्याने काय झाले? फिल्टरमधून हवा ओढताना तिला थोडा अडथळा होतो. त्या अडथळ्यामुळे गळ्यातला दाब आणखी कमी होतो, आणि त्या जास्तीच्या ओढीने थोडे जास्त पेट्रोल वर येते. कारखान्यातल्या अभियंत्याने जेटचे छिद्र ठरवताना ही ओढ हिशेबात धरलेली असते. फिल्टर काढताच हवा वाढली, पण पेट्रोल ओढणारा तो जास्तीचा जोर नाहीसा झाला. मोकळ्या सायलेन्सरने हवेची ये-जा आणखी बदलली. श्वास वाढला, घास त्या मानाने वाढला नाही. यालाच मिस्त्री लोक मिश्रण 'लीन' झाले म्हणतात. आपण 'पातळ' म्हणू. उलट पेट्रोल जास्त झाले तर ते 'रिच', म्हणजे 'दाट'.

आता कोणी विचारील, पेट्रोल कमी झाले तर आग कमी व्हावी. पिस्टन तापला का? शंका रास्त आहे. पूर्ण मूठ पिळलेली असताना इंजिनाला १४.७ नव्हे, तर साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल असे मुद्दाम दाट मिश्रण देतात. त्यामुळे जोर जास्त मिळतो, आणि वाफ होताना हे जास्तीचे पेट्रोल उष्णता शोषून घेते. वैशाखात आपण माठातले पाणी पितो. ते गार होते ते बाष्पीभवनानेच. इंजिनालाही असाच माठ लागतो. मिश्रण पातळ केले की आपण तो माठ फोडतो. शिवाय आमची येझडी टू-स्ट्रोक जातीची. तिच्या पिस्टनचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. ऊन वाढले आणि छत्रीही गेली. आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर त्याच्याभोवतीच्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुपटीने फुगतो. दोहोंमधली फट केसाएवढी; ती संपली आणि चाक थांबले. फोर-स्ट्रोक गाडीत हे इतक्या अचानक सहसा घडत नाही. तिथे व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनला भोक पडते. परंतु कारण तेच.

मग इंजिनात काही बदल केला तर मिश्रण जुळवावे कसे? त्याआधी, कोणत्या बदलाने मिश्रण खरोखर हलते ते पाहू. सिलिंडर झिजला म्हणून बोअर करून अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन टाकला, तर जेट बदलण्याचे कारण नाही. येझडीच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर. तो साडेपासष्ट केला तर आकारमान दीड टक्क्याने वाढते, आणि वाढलेली हवा स्वतःची ओढही वाढवून पेट्रोल आणते. याउलट फिल्टर, सायलेन्सर किंवा स्वतः कार्ब्युरेटर बदलला, तर माप पुन्हा घ्यावेच लागते. विशेषतः मोठ्या गळ्याचा कार्ब्युरेटर बसवला म्हणजे जोर वाढतो ही समजूत सोडावी. गळा रुंद झाला की हवेचा वेग मंदावतो, ओढ क्षीण होते आणि गाडी खालच्या वेगात अडखळते.

आता कार्ब्युरेटरचे अवयव पाहू. बुलेट, राजदूत, येझडी आणि पुढच्या काळातील शंभर सी. सी.च्या पुष्कळ गाड्या यांच्यात स्लाइडचा कार्ब्युरेटर असतो. मूठ पिळली की एक गोल किंवा चपटी स्लाइड वर उचलली जाते आणि हवेची वाट मोकळी होते. मुठीच्या प्रत्येक टप्प्यावर माप ठेवणारा कारभारी वेगळा. मूठ बंद असल्यापासून एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि त्याच्या शेजारचा स्क्रू. एक अष्टमांश ते पाव या टप्प्यात स्लाइडच्या तळाशी दिलेला तिरका काप. पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. हद्दी अगदी काटेकोर नसतात. शेजाऱ्यांच्या बांधाप्रमाणे थोड्या एकमेकांत शिरतात. तरीही तक्रार कोणत्या टप्प्यात आहे ते आधी ओळखावे. गाडी अर्ध्या मुठीत अडखळते आणि आपण मेन जेट बदलतो, हे दात दुखतो म्हणून गुडघ्याला लेप लावण्यासारखे आहे. मूठ नेमकी किती उघडली हे कळावे म्हणून तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात.

जेटला हात लावण्यापूर्वी घराची झाडझूड करावी. टॅपेट आणि इग्निशनचे टायमिंग जागेवर आहे का? टाकीच्या कॉकमधून पेट्रोल सरळ येते का? फ्लोटची पातळी योग्य आहे का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या जोडातून चोरून हवा शिरत नाही ना? इंजिन चालू असताना त्या जोडावर साबणाचे पाणी टाकावे. पाणी आत ओढले गेले किंवा इंजिनाची चाल बदलली, तर चोर सापडला. हा चोर असेपर्यंत जेट बदलणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

नंतर क्रम असा ठेवावा: आधी मेन जेट, मग पायलट, मग स्लाइडचा काप, त्यानंतर सुई, आणि शेवटी पुन्हा पायलट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी.

मेन जेट नेहमी दाट बाजूने गाठावा, म्हणजे लागेल त्याहून थोडा मोठा घालून पायरीपायरीने खाली यावे. दाट मिश्रणाने फार तर प्लग काळा होतो. पातळ मिश्रणाने हाड मोडते. पूर्ण मुठीत गाडी धावत असताना मूठ किंचित मिटली आणि गाडीने जोर घेतला, तर मिश्रण पातळ आहे. उलट इंजिन गुदमरल्यासारखे घोगरे चालले, काळा धूर सोडू लागले, तर दाट आहे. खरी साक्ष प्लगची. नवा प्लग लावून रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर गाडी त्या टप्प्यात चालवावी, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे, आणि गाडी थांबल्यावर प्लग काढून पाहावा. पांढुरका, कोरडा म्हणजे पातळ. भाजलेल्या बिस्किटासारखा म्हणजे ठीक. काजळी धरलेला म्हणजे दाट. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून हा रंग पूर्वीपेक्षा फिका उमटतो. म्हणून केवळ रंगावर न जाता मुठीचे वागणेही पाहावे.

जेटवरचा आकडा वाचताना एक सावधगिरी ठेवावी. काही कंपन्या छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहितात, तर काही मिनिटाला किती पेट्रोल वाहते ते लिहितात. एकीचा शंभर म्हणजे दुसरीचा शंभर नव्हे. जिथे आकडा व्यासाचा असतो, तिथे १०० चा ११० केला तर छिद्राचे क्षेत्र दहा नव्हे, २१ टक्क्यांनी वाढते. आणि जेटमध्ये तार घालून तो 'थोडा मोठा' करण्याचा मोह टाळावा. ज्यांनी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारली आहे, त्यांना ठाऊक आहे की एकदा छिद्र रुंदावले की ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी. ते पुन्हा लहान होत नाही.

सुईच्या माथ्याशी बहुधा पाच खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत क्लिप बसते. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होते. वरच्या खाचेत घातली की पातळ. पायलटच्या स्क्रूबाबत मात्र पुष्कळांची फसगत होते. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा आवरतो. तो आवळला की मिश्रण दाट. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलयुक्त मिश्रण आवरतो. तो आवळला की पातळ. इंजिन पूर्ण तापल्यावर स्क्रू सावकाश फिरवून चाल जिथे सर्वांत जलद व एकसारखी होईल तिथे थांबावे, मग दुसऱ्या स्क्रूने आयडलिंग उतरवावे, आणि हे दोनतीनदा करावे. पी. यू. सी.चे यंत्र येथे आपले मित्र आहे. ते धुरातील कार्बन मोनॉक्साइड मोजून देते. मात्र ती साक्ष आयडलिंगची, म्हणजे पायलट जेटची; मेन जेटविषयी ते मुके आहे.

आपल्या मुलखाच्या हवेचाही विचार केला पाहिजे. सोलापूरकडची मेमधील दुपार बेचाळीस अंशांची; पौषातली पहाट बारा अंशांची. थंड हवा दाट असते. या दोहोंत हवेच्या वजनात सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि त्याने मिश्रण चारपाच टक्क्यांनी हलते. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी अगदी काठावर आणून ठेवलेला जेट हिवाळ्याच्या पहाटे पातळ ठरतो. सणासुदीला पाहुणे येणार हे धरूनच पीठ मळावे, तसे जेटमध्ये थोडे हातचे राखावे.

आणखी एक बदल असा आहे की, जो आपण केलेला नसूनही आपल्या गाडीत झालेला आहे. आपला जिल्हा उसाचा. त्या उसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे त्याला एकास केवळ नऊ भाग हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. अर्थात, निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला, तर मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होते. इथेनॉलची वाफ होताना उष्णता जास्त शोषली जाते, त्यामुळे काही भरपाई होते; पण सर्व नव्हे. ज्या गाडीचा प्लग वर्षानुवर्षे तांबूस होता तो आता पांढरा दिसत असेल, मूठ सोडल्यावर सायलेन्सरात फटाके फुटत असतील, तर सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन आणि गरज पडल्यास जेट एक पायरी वाढवून पाहावा. जुन्या रबरी नळ्या व वॉशरही तपासावेत. इथेनॉल त्यांना सोसतेच असे नाही. उसाला भाव मिळावा ही आपली इच्छा आहेच. पण शेतकऱ्याची जुनी गाडी त्याच्याच उसाच्या रसाने अडू नये, इतके ज्ञान गावात असले पाहिजे.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी संगणकावर चालणारा इंजेक्टर आला. तो स्वतःच श्वास मोजतो आणि घास ठरवतो. तेव्हा ही विद्या लवकरच कालबाह्य होईल असे कोणी म्हणेल. पण रस्त्यावर जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्या बहुधा अशाच घरांत आहेत, जिथे नवी गाडी घेणे सोपे नाही. तिथे एक जाम झालेला पिस्टन म्हणजे महिन्याचा पगार. शिवाय इंजेक्टरची गाडी मोकळी केली म्हणून निसर्गाचा नियम बदलत नाही. संगणकालाही ठराविक मर्यादेपलीकडे घास वाढवता येत नाही.

जाता जाता तरुण मित्रांना एक सांगणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करू देत नाही, आणि फुटक्या सायलेन्सरच्या आवाजालाही कायद्यात दंड आहे. पण कायद्याचे भय आम्ही घालत नाही. आम्ही स्वतः ते मानले नव्हते. आम्ही एवढेच म्हणतो की, सायलेन्सरची आतली नळी आणि फिल्टरचा डबा ही कोणा कंजूष कारखानदाराने घातलेली बेडी नव्हे. त्यांच्यासकट ते इंजिन एक आहे. त्यातले एक काढाल तर बाकीच्या सर्वांशी पुन्हा बोलणी करावी लागतील. ती करण्याची तयारी नसेल, तर पाना पेटीतच राहू द्यावा. आणि काही बदललेच, तर कारखान्याचा मूळ जेट कागदात गुंडाळून, त्यावर आकडा लिहून घरी जपून ठेवावा. परतीची वाट मोडून पुढे जाऊ नये.

आमच्या भावाचे हाड सहा आठवड्यांत जुळले. खांद्याजवळ एक उंचवटा मात्र राहिला. आता आम्ही दोघेही म्हातारे झालो आहोत, तरी आमच्या गाडीवर मागे बसताना तो अजून विचारतो, "दादा, प्लग पाहिलास का?" आणि पाहिलेला नसेल, तर आम्ही उतरतो, पाना घेतो आणि आधी प्लग पाहतो.